दवाखाना उघडण्याआधी

बाळा, आयुर्वेदाच्या चरकसंहितेत वैद्याचे चार गुण सांगितलेत: शास्त्राचं निर्मळ ज्ञान, पुष्कळ पाहिलेलं कर्म (म्हणजे उपचारांचा अनुभव), दक्षता, शुचिता. पहिल्याची पदवी तुझ्याकडे आहे. दुसऱ्याची घाई करू नकोस. शस्त्रक्रियेचा प्राचीन आचार्य सुश्रुत शिष्यांना छेदनाचा, म्हणजे कापण्याचा, सराव कोहळ्या-काकडीवर करायला लावतो. नुसतं शास्त्र जाणणारा त्याला एका पंखाचा पक्षी वाटतो. नाडीवर तीन बोटं ठेवण्याआधी हात धू, गार असतील तर चोळून घे. मग भूक, झोप, पोट साफ होतं का ते विचार आणि ऐकत बस. माझ्याकडे एक आजी बराच वेळ सुनेबद्दलच बोलत होत्या. उठता उठता कळलं, त्या रात्री जेवतच नाहीत. आणि ज्याचं दुखणं आपल्या हातचं नाही, तो रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठव.