बात या गोव्यातल्या रवा-खोबऱ्याच्या केकचा वास आला की पोट भरलेलं असूनही खावंसं का वाटतं?

प्रश्न : दुपारी हुमण (माशाची आमटी) आणि भात पोटभर जेवूनही चार वाजता बेकरीसमोर पाय थांबतात, बात घ्यावासा वाटतो. रक्तातली साखर कमी होते का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : निरोगी माणसात बहुधा नाही. ही ओढ वासाची आणि सवयीची. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे पिठातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळतात, वरचा थर तांबूस होतो आणि तो खमंग वास सुटतो. मेंदूनं त्या वासाची गोडाशी गाठ बांधलेली असते, म्हणून घास घेण्याआधीच लाळ सुटते. शिवाय बात म्हणजे रवा, खोबरं, लोणी, अंडी, साखर. साखर आणि स्निग्धांश असे एकत्र निसर्गात क्वचितच मिळतात (आईचं दूध हा अपवाद), आणि ही जोडी एकट्या साखरेपेक्षा जास्त भुरळ घालते. झोप अपुरी झाली की ओढ आणखी वाढते.

संपूर्ण बंदी सहसा टिकत नाही. भात थोडा कमी करून मासळी किंवा अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ वाढवा. चारला आधी मूठभर उकडलेले चणे खा, मग हवा तर बातचा दोन बोटं रुंद तुकडा. मात्र हात थरथरून घाम फुटत असेल, तर साखर तपासून घ्याच.