घर सजवताना : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं (या वेळी फ्रेंच खेड्यातली बेडरूम, आपल्या बजेटमध्ये)

प्रश्न : ताई नमस्कार, ठाण्याला आमचा स्वतःचा वन बीएचके आहे, बेडरूम १० बाय ११. इन्स्टावर फ्रेंच कंट्री बेडरूम बघून बघून डोक्यात तेच बसलंय. इंटिरिअरवाल्याला विचारलं तर त्याने पावणेदोन लाखाचं कोटेशन हातात ठेवलं, पडदे त्यात नाहीतच. माझ्याकडे २५ हजार आहेत, ताणून ताणून २८. भिंतींना क्रीम कलरचा चकचकीत पेंट, कपाट चॉकलेटी सनमायकाचं, बेड प्लायचा हायड्रॉलिकवाला. काही होईल का की नाद सोडू?

उत्तर : नाद ठेवा, कोटेशन सोडा. आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण इन्स्टावर सगळी खिचडी असते. सोनेरी फ्रेमचे आरसे, क्रिस्टलचं झुंबर, मखमली हेडबोर्ड हे सगळं व्हर्सायच्या राजवाड्याकडचं प्रकरण आहे, खेड्यातलं नाही. फ्रेंच कंट्री म्हणून लोक ज्याचे फोटो टाकतात ते बहुतेक वेळा प्रोव्हान्स असतं, फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातला शेतकरी भाग. तिथल्या जुन्या घरात भिंतीला चुना, खाली भाजलेल्या मातीच्या षटकोनी लाद्या, एक दणकट लाकडी कपाट जे कुणाच्यातरी पणजीच्या लग्नात आलेलं, लोखंडी नाहीतर साधा लाकडी पलंग आणि जाड सुती किंवा लिननच्या चादरी. संपलं. सेट म्हणून कुणी काही घेतलेलं नसतं, जे होतं तेच पिढ्यानपिढ्या वापरलं, त्यामुळे एकाचं दुसऱ्याशी मॅचिंग नसतं आणि तेच छान दिसतं. म्हणजे ही स्टाइल मुळातच कमी पैशांची आहे, महाग तिला आपण केलंय.

आता तुमची खोली. सगळ्यात जास्त पैसे कापडावर घाला, साधारण ८ हजार धरा, कारण बेडरूममध्ये नजरेला दिसतं ते निम्मं कापडच असतं. पडद्यासाठी मांजरपाट घ्या. हो, तेच, पेटीकोटच्या दुकानात आणि शिंप्याकडे मिळणारं न धुतलेलं पिवळट सुती कापड. प्रोव्हान्सच्या फोटोतल्या त्या "लिनन" पडद्यांचा जो रंग असतो ना, मातकट पांढरा, तो मांजरपाटाचा आयताच असतो. खिडकी ५ फूट असेल तर कापडाची रुंदी एकूण दुप्पट ते अडीचपट पाहिजे नाहीतर पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो, म्हणजे ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे, आणि दांडी खिडकीच्या वर वीतभर लावून खाली जमिनीपर्यंत सोडायचं. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा, मांजरपाट आटतं आणि चांगलंच आटतं, म्हणून मापापेक्षा थोडं जास्तच आणा. वर रिंगा नकोत, त्याच कापडाचे बंद शिवून घ्या.

चादर आणि उशांसाठी फुलाफुलांचं प्रिंट हवंच असणार, आणि इथे खरी गंमत आहे. ते बारीक फुलांचं "प्रोव्हान्सल" प्रिंट मूळचं आपलंच. सतराव्या शतकात इथलं छापील सुती कापड जहाजांनी मार्सेय बंदरात उतरायला लागलं, तिकडे त्याला नावच पडलं अँदिएन, म्हणजे "भारतीय", आणि लोक इतके मागे लागले की फ्रान्सच्या लोकर आणि रेशीमवाल्यांचा धंदा बसायची वेळ आली, मग १६८६ मध्ये राजाने हे कापड आणायला आणि छापायला बंदीच घातली. बंदी टिकली १७५९ पर्यंत, म्हणजे सत्तरहून जास्त वर्षं, आणि लोक चोरून वापरतच राहिले. बंदी उठल्यावर लगेच १७६० ला ओबरकाम्फ नावाच्या माणसाने व्हर्सायजवळ झुई गावात छपाईचा कारखाना टाकला, आधी लाकडी ठशांवर आणि १७७० पासून तांब्याच्या प्लेटवर. क्रीम कापडावर एकाच रंगात मेंढपाळ, झाडं, झोपाळे असली चित्रं असतात ते त्वाल द झुई म्हणजे याच गावचं कापड. तर सांगायचा मुद्दा, ऑनलाइन "फ्रेंच प्रोव्हान्सल बेडशीट" सर्च करून चार हजार घालवू नका, सांगानेरी ब्लॉक प्रिंट घ्या, पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्टी असते ते, कुठल्याही हातमाग प्रदर्शनात ढीग पडलेला असतो. फक्त एकच रंग निवडा, निळा नाहीतर विटकरी लाल, आणि मोर-हत्तीवालं नको.

भिंत. चुन्याची मॅट, थोडी ढगाळ भिंत फार सुंदर दिसते पण तुमच्या चकचकीत पेंटवर चुना धरणारच नाही, पोपडे येतील, त्याला पाणी शोषणारी भिंत लागते. खरवडून काढण्यात पैसे जातील म्हणून सरळ भिंत पॉलिश पेपरने घासून, प्रायमर मारून मॅट इमल्शन लावा, रंग मळका पांढरा किंवा अगदी फिकट पिवळी माती. प्रोव्हान्समध्ये रूसियों म्हणून गाव आहे तिथे पिवळ्या-तांबड्या मातीचे कडेच आहेत, ती माती चुन्यात कालवून घरं रंगवायचे, म्हणून तिकडचे पिवळे इतके मऊ दिसतात. लॅव्हेंडर कलरची भिंत प्लीज नको, तो रंग तिकडे शेतात असतो.

कपाटाचं मात्र नीट ऐका कारण इथेच सगळ्यांचं बिघडतं. सनमायकावर डायरेक्ट ऑइलपेंट मारला की सहा महिन्यांत नखाने निघतो. दारं काढून आडवी टाका, आधी भांड्याचा साबण लावून तेलकटपणा काढा (हँडलच्या आजूबाजूला हाताचं तेल सगळ्यात जास्त असतं), मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटणारा प्रायमर मागा, दुकानदार साधा वुड प्रायमर पुढे करेल तो घेऊ नका. त्यावर मॅट रंगाचे दोन पातळ हात, मधे रात्र जाऊ द्या. रंग कुठला, तर राखाडीत मिसळलेला हिरवा किंवा निळा, तिकडच्या खिडक्यांच्या झडपांना असतो तसा. वरून मॅट वॉर्निश मारा, व्हिडिओत दाखवतात ते मेण ठाण्याच्या दमट हवेत चिकट होऊन धूळ धरतं. आणि कडा मुद्दाम घासून "अँटिक" करायच्या भानगडीत पडू नका, प्लाय आतून प्लायच दिसतो.

बेडला हात लावू नका, चालू वस्तू आहे. तीन बाजूंनी मांजरपाटाची झालर शिवा, वेलक्रोने बॉक्सच्या कडेला चिकटवा म्हणजे हायड्रॉलिक उघडताना अडकणार नाही. डोक्याशी जुन्या वाड्याच्या खिडकीची झडप किंवा जुना दरवाजा आडवा लावता येईल, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे मिळतात, घेताना भोकांतून पिठासारखा भुसा पडतोय का ते झटकून बघा, पडत असेल तर कितीही देखणा असो, घरी आणू नका. सागवान जड असतं, भिंतीत चांगले बोल्ट ठोकून घ्या, डोक्यावर येणारी वस्तू आहे. शेवटचं म्हणजे ट्यूबलाइट. ती असेपर्यंत सगळं हॉस्पिटल वाटणार. २७०० केल्विनचे पिवळे बल्ब दोन बाजूंना दोन, झालं.

प्रश्न : मॅडम, मी लग्नानंतर तुलूजला आलेय, नवऱ्याचा जॉब इथे आहे. भाड्याचा रिकामा फ्लॅट मिळालाय. फ्रान्समध्येच आहे तर खरीखुरी जुनी कंट्री बेडरूम करावी असं वाटतं पण अँटिकच्या दुकानातल्या किमती बघून बाहेर आले. स्वस्तात कुठे बघू आणि फसायला कुठे होतं? आणखी एक, मार्चमध्ये बाळ येणार आहे.

उत्तर : अभिनंदन! तुम्ही तर खजिन्यावर बसलाय. अँटिकचं दुकान सोडा, गावोगावी रविवारी व्हिद-ग्रनिए भरतात, म्हणजे लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात. धंदेवाले नसलेल्या माणसाला वर्षात दोनदाच असं विकता येतं, त्यामुळे बऱ्याच टेबलांमागे खरंच घर आवरणारी माणसं असतात आणि संध्याकाळी परत न्यायचा त्यांना कंटाळा येतो. चांगला माल हवा तर सकाळी लवकर जा, घासाघीस हवी तर दुपारी उशिरा. त्याशिवाय एमाउस, ही १९४९ पासूनची संस्था आहे, लोकांनी दान केलेलं फर्निचर दुरुस्त करून विकतात. आणि जुनं सामान बघायला लबोंक्वाँ हे खरेदी-विक्रीचं अ‍ॅप तर तुमच्या फोनमध्ये असेलच एव्हाना.

काय घ्यायचं? पहिली चादरी. तिकडे मुलीच्या रुखवतात डझनावारी चादरी द्यायचे, कोपऱ्यात लाल किंवा पांढऱ्या दोऱ्याने आद्याक्षरं भरलेली, आणि बऱ्याच जणींनी त्या कधी वापरल्याच नाहीत, कपाटात घडीच्या घडी पडून राहिल्या. लिनन आणि सूत मिसळलेल्या चादरीला मेतीस म्हणतात, ती शुद्ध लिननपेक्षा स्वस्त पडते आणि लवकर मऊ होते. घडीवरचे पिवळे डाग बघून घाबरू नका, गरम पाण्यात पर्कार्बोनेट (डाग काढायची पांढरी पावडर) टाकून भिजवलं की बहुतेक जातात, पण घडीच्या रेषेवर कापड उजेडात धरून बघा, तिथे विरलं असेल तर पहिल्याच धुण्यात फाटणार. मोठ्या चादरीचे पडदेही होतात, शिवणही नको, वरून क्लिपा लावल्या की झालं.

दुसरं कपाट. ती अवाढव्य जुनी लाकडी कपाटं आजच्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत म्हणून कवडीमोलाने जातात. विचारायचं एवढंच की उकलता येतं का, जुनं बहुतेक खिळ्यांशिवाय लाकडी खुंट्यांवर जोडलेलं असतं, खुंट्या काढल्या की फळ्या सुट्ट्या होतात आणि जिन्यातून वर नेता येतात. सुट्टं करताना प्रत्येक फळीवर खडूने नंबर टाका नाहीतर तुमचा नवरा आणि ते कपाट दोघंही महिनाभर हॉलमध्ये. उंची आधी मोजा, छताला लागलं तर काही करता येत नाही.

पलंगाला मात्र सावध. जुने लाकडी पलंग आजच्या १४० बाय १९० सेंटीमीटरच्या गादीपेक्षा बरेचदा अरुंद असतात, १२० च्या आसपास, मग गादी खास करून घ्यावी लागते आणि पलंगापेक्षा तीच महाग पडते. टेप घेऊन जा, आतलं माप घ्या. नसेल बसत तर फक्त डोक्याकडची फळी घ्या आणि साध्या बेडमागे उभी करा.

बाळाचं म्हणून मुद्दाम सांगते. जुन्या *रंगवलेल्या* फर्निचरमध्ये शिशाचा रंग असू शकतो. तिकडे १९४९ च्या आधीच्या घरांना भाड्याने देताना शिशाचा तपासणी रिपोर्ट देणं मालकाला बंधनकारक आहे ते याचसाठी, तुमची बिल्डिंग जुनी असेल तर कागदांत असेल, बघून घ्या. पोपडे निघालेली "किती गोड" खुर्ची किंवा पाळणा घेऊ नका, आणि घरात कोरडं घासकाम तर अजिबात नको, तुम्ही तर नाहीच नाही. पॉलिशचं, रंग न लावलेलं लाकूड घ्या. भिंती रंगवायला भाडेकरूला परवानगी असते पण रंग बेताचा ठेवा, भडक काही केलंत तर सोडताना डिपॉझिटमधून वळतं करतील.

प्रश्न : ताई, मला ही स्टाइल आवडते पण आमचे "हे" म्हणतात फुलंबिलं असली तर मी हॉलमध्ये झोपेन. कोल्हापूर.

उत्तर : झोपू द्या. नाहीतर पट्टे घ्या! गादीवाल्याकडे मिळतं ते निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं गादीचं जाड कापड, फ्रेंच खेड्यातही गाद्यांना अगदी तेच असायचं, उशा आणि बेडकव्हर त्याचं करा. जोडीला बारीक चौकडी. एकही फूल नाही आणि खोली तरीही त्याच स्टाइलची. अंगावर घ्यायला गोधडी ठेवा, त्यांना काय बोलायला जागाच नाही. प्रोव्हान्समध्ये बुती म्हणून पांढऱ्या रजया असतात, दोन कापडांमध्ये आधी नक्षी शिवून घेतात मग मागून सुईने सुताची वात एकेका नक्षीत सरकवतात, उजेडात धरली की नक्षी दिसते. ती परवडायची नाही आणि पांढऱ्या धोतराची किंवा फिक्या सुती साड्यांची हाताने धावदोरा घातलेली गोधडी त्या खोलीत तितकीच शोभते. बचत गटांकडे सांगून ठेवा, कापड तुम्ही दिलंत तर शिलाईच द्यावी लागेल.

प्रश्न : बेडरूमच्या खिडकीत कुंडीत लॅव्हेंडर लावलं, दोनदा मेलं. मुंबईत जगवायची काही ट्रिक? (दादर)

उत्तर : ट्रिक नाही, मुंबईच्या पावसात त्याची मुळं कुजतात. तिकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, जमीन खडकाळ, त्याला ते आवडतं. आणि तिकडच्या फोटोतली ती जांभळी शेतं बहुतांश लावांदँ या संकरित जातीची असतात, खरं लॅव्हेंडर वर डोंगरात, थंड हवेत. वाळलेल्या दांड्यांची एक जुडी विकत आणा, मातीच्या सुगडात ठेवा, खिडकीपासून लांब नाहीतर दमटपणाने बुरशी येते. कपाटात कपड्यांच्या घडीत लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवतात तिकडे कसर लागू नये म्हणून, तुम्ही मांजरपाटाच्या उरलेल्या तुकड्यांच्या पुरचुंड्या करून वाळा आणि थोडा कापूर भरा. खिडकीत तुळस नाहीतर रोझमेरी. रोझमेरीही पावसाळ्यात आत घ्यावी लागते, पण लॅव्हेंडरइतकी नाटकं नाहीत.

पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरातलं किचन घेतोय. प्रश्न पाठवताना खोलीचं माप फुटांत, खिडकी कुठल्या दिशेला आणि बजेट किती एवढं लिहाच, आणि फोटो दिवसा काढा, ट्यूबलाइट बंद करून, नाहीतर मला भिंतीचा रंग कळत नाही.