राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग : मतदारसंघाचा इतिहास लिहिण्यापूर्वी

प्रिय तरुण अभ्यासकास,

अनेक आशीर्वाद. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासाचा तुझा आराखडा वाचला. विषय उत्तम आहे. मात्र 1957 पासून 2024 पर्यंतचे निकाल एकाच कोष्टकात सलग मांडून ‘समाजवादी बालेकिल्ला ते भाजप’ असा जो प्रवास तू रेखाटला आहेस, त्याचा पाया डळमळीत आहे, कारण कोष्टकाच्या मध्यावर मतदारसंघच बदलतो.

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ संपला. त्याचा मोठा भाग नव्या मतदारसंघात आला हे खरे. पण चिपळूण आणि रत्नागिरी हे विधानसभा मतदारसंघ जुन्या रत्नागिरी लोकसभा मतदारसंघातून आले आणि दापोली-गुहागर रायगडला जोडले गेले. त्यामुळे शिवसेनेच्या सुरेश प्रभूंची 1996 ते 2004 या काळातील मते आणि 2009 मधील काँग्रेसचे विजयी उमेदवार नीलेश राणे यांची मते शेजारी ठेवून ‘शिवसेनेची घसरण’ मोजता येत नाही. शिवाय 2005 मध्ये नीलेश यांचे वडील नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते. सीमाबदल आणि पक्षबदल या दोन्ही कारणांचा परिणाम 2009 च्या त्या एकाच निकालात मिसळलेला आहे, आणि तो वेगळा करून दाखवणे हेच तुझ्या प्रकरणाचे खरे काम आहे.

‘समाजवादी बालेकिल्ला’ हा शब्दप्रयोगही जपून वापर. बॅ. नाथ पै राजापुरातून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले; 1957 चा विजय तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या भरातला होता. जानेवारी 1971 मध्ये त्यांचे निधन झाले आणि दोनच महिन्यांनी, इंदिरा गांधींची लाट देशभर असताना, मधु दंडवते त्याच जागेवरून जिंकले. 1984 मध्ये तर काँग्रेसने महाराष्ट्रातील 48 पैकी 43 जागा घेतल्या, तरी राजापूर दंडवत्यांकडेच राहिले. सलग पाच विजयांत त्यांच्या पक्षाचे नाव प्रजा समाजवादी, जनता पक्ष आणि जनता दल असे बदलत गेले. पक्षाची पाटी बदलूनही मतदार बदलत नाही, तेव्हा ते मत पक्षाला किती आणि माणसाला किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. माझ्या मते दुसरा वाटा मोठा होता. 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आल्यावर ही परंपरा तुटली आणि पुन्हा सांधली गेली नाही, यावरून तरी तसेच दिसते. (दंडवते रेल्वेमंत्री होते म्हणून कोकण रेल्वेच्या श्रेयावर तू तीन पाने लिहिली आहेस; एक पुरे.)

त्यानंतरच्या शिवसेनेच्या उदयाचे कारण मात्र केवळ मतदारसंघात शोधू नकोस. या जिल्ह्यांतील असंख्य घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत आली. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी पैशांबरोबर गिरणगावातले राजकारणही घेऊन येत असे. हा धागा तुझ्या आराखड्यात अजिबात नाही, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते.

2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेच्या विनायक राऊत यांनी दोन्ही वेळा नीलेश राणे यांचा पराभव केला, त्यावर थोडक्यात लिहिले तरी चालेल. 2024 वर मात्र थांब. नारायण राणे राऊतांविरुद्ध सुमारे 48 हजार मतांनी जिंकले आणि भाजपला ही जागा प्रथमच मिळाली, एवढे वृत्तपत्रेही सांगतात. पण कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या सिंधुदुर्गातील तिन्ही विधानसभा मतदारसंघांनी राण्यांना आघाडी दिली, तर चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या रत्नागिरी जिल्ह्यातील तिन्हींनी राऊतांना. मतदारसंघातील दोन जिल्ह्यांचे भाग परस्परविरुद्ध दिशांना गेले असताना त्याला ‘मतदारसंघाचा कौल’ म्हणणे मला पटत नाही.

तेव्हा पुढचा खर्डा पाठवण्यापूर्वी 2019 आणि 2024 चे नमुना 20, म्हणजे अंतिम निकालपत्रके, मिळव. त्यात मतदान केंद्रनिहाय आकडे असतात, आणि टपाली मते वेगळी दाखवलेली असतात. राजापूर विधानसभा मतदारसंघापासून सुरुवात कर, कारण त्याचे नाव जुन्या लोकसभा मतदारसंघाला होते आणि आज तो जिल्ह्याच्या सीमेवर आहे. केंद्रांची फेररचना झाली असल्यास केंद्रांच्या क्रमांकांवर विसंबू नकोस, गावांच्या नावांनी जुळवणी कर.

तुझा शुभचिंतक