आधी करवत, मग पेन्सिल

प्रश्न : लहानपणापासून मला दागिन्यांचं वेड आहे. नुसतं घालण्याचं नाही. तुटके, जोडीतले एकटे उरलेले दागिने मी एका डब्यात साठवते आणि उलटसुलट करून बघत बसते. सध्या वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ज्वेलरी डिझाइनचा कोर्स करावा असं मनात आहे. एक मैत्रीण म्हणते, रत्नशास्त्र शीक, त्यात जास्त वाव आहे. दुसरी म्हणते, शिकतेस कशाला, घरबसल्या ऑनलाइन विक्री सुरू कर. नेमकं काय करू? शिवाय मी डावखुरी आहे, त्यामुळे काही अडेल का?

(पत्राखाली आईने लिहिलंय : ‘हौस म्हणून ठीक आहे, पण यावर पोट भरतं का? आणि पदवीची तीन वर्षं पाण्यात जाणार का?’)

उत्तर : तुझं मूळ पत्र बरंच मोठं आहे, इथे ते कापून दिलंय. गंमत अशी की जे कापलं, त्यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. डिझाइनबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस. मावशीच्या कानातल्याबद्दल मात्र पाऊण पान! डाख देऊन जोडलेली त्याची दांडी पुन्हा निखळली, तेव्हा तू ते उलटं करून भिंगाखाली पाहिलंस. दांडी पत्र्यावर नुसती टेकवून जोडली होती. डब्यातल्या दुसऱ्या एका जुन्या कानातल्यात मात्र पत्र्याला बारीक भोक पाडून दांडी आत रोवलेली होती आणि ती अजून शाबूत होती. कुणी न शिकवता तू हे ताडलंस. दागिना हातात आला की बहुतेक लोक पुढून बघतात, तू मागून बघतेस.

म्हणून माझं मत आडपडदा न ठेवता सांगते. डिझाइनच्या कोर्सला लगेच प्रवेश घेऊ नकोस. आधी किमान वर्षभर कारागिरी शीक.

कागदावर किंवा संगणकावर अंगठी सुंदर दिसणं फारसं अवघड नसतं. खडा धरणाऱ्या नख्या किती जाड हव्यात, कोंदणात खडा बसायला खाच किती खोल हवी, उजाळा देताना ब्रश कुठल्या कोपऱ्यात पोचणारच नाही, ओतकामात धातू थंड होताना आकसतो म्हणून साचा किती मोठा धरायचा, हे ज्याने हाताने केलेलं नाही त्याला चित्र काढताना सुचत नाही. अंगठीभोवती पूर्ण वेढा खड्यांचा काढला की दिसायला छान. पण अशी अंगठी बोटाला घट्ट झाली तर वाढवायची कुठून? कापायला मोकळा धातूच शिल्लक नसतो. मग असं चित्र कारागिराच्या टेबलावर गेलं की तो ते मुकाट्याने आपल्या सोयीने बदलतो, आणि डिझायनरला वाटतं, माझी कल्पना बिघडवली. कॅडचं, म्हणजे संगणकावर आराखडा काढायचं, सॉफ्टवेअर हुशार मुलगी काही महिन्यांत शिकते. धातूचा अंदाज हाताला यायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो, म्हणून तो आधी.

हा काही माझा जुनाट हट्ट नाही. शिंग, काच, मीना अशा ‘हलक्या’ मानल्या गेलेल्या गोष्टी वापरून ज्याने दागिन्यांची नजरच बदलली, तो फ्रान्सचा रेने लालिक 1876 साली, सोळाव्या वर्षी, पॅरिसमधल्या एका सुवर्णकाराकडे उमेदवारीला राहिला होता. चित्रकलेचं शिक्षण त्यानेही घेतलं, पण हात टेबलावर तयार होत होता.

आता हे शिकणं दिसतं कसं, तेही ऐक. सुरुवातीला सोनं-चांदी दिसणारही नाही. तांब्याचा नाहीतर पितळेचा पत्रा आणि केसासारख्या पात्याची करवत. पात्याचे दात मुठीच्या दिशेने, म्हणजे खाली, ठेवायचे; कापायचं ते खाली ओढताना. जोर लावला की पातं तुटलं, वळणावर करवत तिरकी झाली की तुटलं. पहिल्या आठवड्यांत पाती भरपूर मोडतात आणि त्याबद्दल कुणी रागावत नाही. मग कानस. मग ठोकून ठोकून कडक झालेल्या धातूला ताव देऊन पुन्हा नरम करणं. मग डाख.

डाख हा मला या कामातला सगळ्यात बुद्धीचा भाग वाटतो. शुद्ध चांदी साधारण 962 अंश सेल्सिअसला वितळते, सोनं 1064 ला. डाख ज्या धातूला द्यायचा त्याच्याआधी वितळायला हवा. पण दागिन्याला चार सांधे असतील तर? चौथा जोडताना पहिला सुटू नये म्हणून डाखाचेही प्रकार असतात : जास्त तापमानाला वितळणारा, मध्यम आणि कमी. पहिला सांधा कडक, म्हणजे जास्त तापमानाला वितळणाऱ्या, डाखाने, शेवटचा सगळ्यात लवकर वितळणाऱ्याने. म्हणजे ज्योत पेटवण्याआधी अख्ख्या दागिन्याचा क्रम डोक्यात तयार लागतो. डाख नेहमी ज्योतीच्या दिशेने, जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. म्हणून ज्योत सांध्यावर रोखून धरायची नाही, आजूबाजूचा धातू सारखा तापवायचा. ते जमलं की डाख सांध्यात एका क्षणात चमकून पसरतो. तो क्षण बघून तुझे डोळे चमकले, तर मला पुन्हा पत्र लिहून सल्ला विचारायची गरज उरणार नाही.

त्रासही सांगायला हवा. मान आणि पाठ धरते. डोळ्यांवर ताण येतो. आम्लाची वाफ आणि उजाळ्याची धूळ असते, म्हणून जिथे शिकशील तिथे हवा खेळती आहे का, चष्मा आणि मास्क वापरतात का, हे आधी डोळ्यांनी बघून ये. शिवाय कंटाळा. नोकरीत एकच कडी दिवसभर करावी लागते. डब्यातले दागिने चाळण्यातली मौज त्यात नाही. काहींची आवड इथेच विझते, आणि ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

रत्नशास्त्राचं म्हणशील, तर तुझी मैत्रीण चुकीचं सांगत नाही. पण तो स्वभाव वेगळा. तिथे घडवायचं काही नसतं, ओळखायचं असतं. ब्रिटनच्या रत्नशास्त्र संघटनेची मुळं 1908 पर्यंत जातात, अमेरिकेतली जीआयए ही रत्नशास्त्र संस्था 1931 साली रॉबर्ट शिपली यांनी सुरू केली; या दोन्हींच्या पदविका जगभर चालतात. जीआयएच्या पदविकेत शेवटी वीस खडे ओळखायचे असतात आणि विसांपैकी वीस बरोबर आले तरच पास. एकोणीस चालत नाहीत. हे कठोर वाटेल, पण नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं : ब्रिटिश राजमुकुटात पुढेच बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात माणिक नाहीच, स्पिनेल हा वेगळाच खडा आहे. दोन्ही लाल. फरक प्रकाश खड्यातून कसा वळतो त्यावरून कळतो : माणकात तो दुभंगतो, स्पिनेलमध्ये नाही. हिऱ्यांचं तर आणखी कठीण. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 साली कृत्रिम हिरा तयार झाला. आता दागिन्यात बसतील असे प्रयोगशाळेतले हिरे सर्रास मिळतात, आणि तोही खरा कार्बनच असल्यामुळे भिंगाने खात्रीने वेगळा काढता येत नाही. त्यासाठी यंत्रं लागतात. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकटीने बसायला आवडत असेल, तर हे क्षेत्र उत्तम. तुझ्या पत्रात मात्र खड्यांचा उल्लेख जवळजवळ नाही.

तरी थोडं रत्नज्ञान कारागिरालाही लागतंच. ओपलमध्ये पाणी असतं, ज्योतीजवळ तो तडकतो. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, गरम केलं की ते निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात. मोती आम्लात खराब होतो. दुरुस्तीला आलेल्या दागिन्यातला खडा कोणता, हे न ओळखता ज्योत पेटवणारा गिऱ्हाईक गमावतो आणि वर भरपाई देतो. तेव्हा कारागिरीनंतर रत्नशास्त्राचा एखादा छोटा अभ्यासक्रम जरूर कर, मोठी पदविका सध्या नको.

ऑनलाइन विक्रीबद्दल थोडक्यात : तयार माल आणून विकणं हा व्यापार आहे, चांगला व्यापार आहे, पण त्यासाठी दागिन्यांचंच वेड असावं लागत नाही. तो रस्ता नंतरही मोकळाच आहे.

आता आईसाठी. ताई, पोट भरतं का, तर भरतं. मात्र पहिली काही वर्षं कमाई बेताची असते, हे गृहीत धरून चला. डिझायनर या नावाने जितक्या जागा निघतात त्यापेक्षा नाव न दिसणारी कामं जास्त आहेत : माल तपासणारे, नमुने करणारे, खडे बसवणारे, मूल्यांकन करणारे, लिलावगृहात नोंदी करणारे, संग्रहालयात जुने दागिने सांभाळणारे. दुरुस्तीचं काम तर भाव चढले तरी आटत नाही. नवीन घेणं परवडेनासं झालं की लोक जुनंच मोडून घडवतात किंवा नीट करून घेतात.

आणि पदवी पाण्यात जात नाही. मी पाहिलेले बरेच कुशल कारागीर हिशेबात बुडाले. दागिन्याची किंमत म्हणजे धातूचं वजन गुणिले भाव एवढंच नसतं. कानशीत आणि उजाळ्यात उडालेली तूट, घडणावळ, खडा बसवताना फुटण्याचा धोका, माल पडून राहिला तर त्यात अडकलेलं भांडवल, हे सगळं धरावं लागतं. 18 कॅरेटमध्ये सोनं 75 टक्के, 22 मध्ये साधारण 91.6. मग एकच नमुना दोन्हींत केला तर वजन, मजबुती आणि नफा कसा बदलतो, हे मांडता येणारी कारागीर मालकाला हवीच असते. तेव्हा शेवटचं वर्ष नीट पूर्ण कर. उत्पादन खर्चाचा विषय असेल तर त्यात जास्तच लक्ष घाल.

परीक्षा संपेपर्यंत एक काम देते. करवतीची चौकट, पात्यांची जुडी, दोन कानशी आणि तांब्याचा पत्रा एवढंच आण. ज्योत सध्या नको, ती शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच. पत्र्यावर एक साधं पान आखून काप, कडा कानशीने गुळगुळीत कर, मग तसंच दुसरं, अगदी जोडीतलं वाटावं असं. जोड जमेपर्यंत करत राहा. त्यानंतर संस्था बघायला जा आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून तीनच गोष्टी विचार : दर विद्यार्थ्याला स्वतःचं टेबल आहे का, आठवड्यात प्रत्यक्ष हातकाम किती तास असतं, आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः कारखान्यात काम केलंय का. जुन्या विद्यार्थ्यांना गाठून तेच पुन्हा विचार, कारण उत्तरं जुळतीलच असं नाही.

राहिलं डावखुरेपण. करवतीला डावं-उजवं नसतं, कानशीलाही नाही. पत्र्याची कात्री तेवढी डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते, ती घे. भोक पाडायला आणि घासायला टेबलावर टांगलेली मोटर डाव्या बाजूला लावून घ्यावी लागेल, आणि शिकवणारा उजव्या हाताचा असेल तर त्याच्या शेजारी न बसता समोर बस. आरशात बघितल्यासारखं दिसतं, उचलायला सोपं जातं.