पिल्लू खात नाही? आधी पाणी बघा

प्रश्न : आठवड्यापूर्वी सहा सेंटिमीटरचं अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू आणलं. पेलेटला (कोरड्या खाद्याच्या गोळीला) तोंड लावत नाही, गांडूळखतातलं गांडूळ घेतं आणि लगेच थुंकतं. टाकी नवी आहे, तळाला रंगीत खडे, पाणी २६ अंश. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमचं पाणी फार गरम आहे. अ‍ॅक्सोलॉटल मेक्सिकोतल्या थंड पाण्यातला सॅलमँडर, म्हणजे शेपटीवाला उभयचर प्राणी. त्याला १६ ते १८ अंश मानवतात; २४ च्या वर त्याच्यावर ताण येतो आणि खाणं सुटतं. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की तापमान दोन-तीन अंश उतरतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तेवढ्याने भागणार नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावाच लागेल.

नव्या टाकीत विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पिल्लाला तीन-चार लिटरच्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि रोज सगळं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध घालून, तापमान जुळवूनच ते ओता. खडे कायमचे काढून टाका. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट घास ओढतो. त्याबरोबर खडा गेला तर आतडं तुंबतं.

आता गांडूळ. खतातलं लाल गांडूळ डिवचलं की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडतं, म्हणून पिल्लू थुंकतं. बागेच्या मातीतलं साधं गांडूळ घ्या, धुवा, पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान तुकडे करा. द्राक्षबागेतलं मात्र अजिबात नको: बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदाचं तांबं तिथल्या मातीत साठलेलं असतं, वर इतर फवारण्या. नाल्यातले जिवंत ट्यूबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) हेही टाळा, रोग येतात.

या वयात पिल्लू बहुधा हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतं. तळाशी पडलेली पेलेट त्याच्या लेखी बरेचदा नसतेच. संध्याकाळी दिवा मंद करा. गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या) थोड्या पाण्यात मोकळे करून बोथट चिमट्याने नाकासमोर एक सेंटिमीटरवर हळू हलवा. डोक्यावर टेकवू नका, बिचकतं. थुंकलं तर दोन मिनिटांनी पुन्हा द्या. रोज एकदा, पोट डोक्याएवढं रुंद दिसेपर्यंत. उरलेलं अर्ध्या तासात काढा.

पाणी सुधारल्यावरही चार दिवस काहीच घेतलं नाही, किंवा कल्ले पुढे वळलेले दिसले, तर वेगळ्या प्रकारचे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या. जाताना डब्यातल्या पाण्याचा नमुनाही बरोबर ठेवा.