‘४ वर्षं अपडेट’, पण कुठल्या दिवसापासून?

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात राहते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवून देते. २०२२ च्या दिवाळीत कराडच्या दुकानातून २४ हजारांचा फोन घेतला. बिल मिस्टरांच्या नावावर आहे. दुकानदाराने तेव्हा व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवली होती, त्यात मोठ्या अक्षरांत ‘४ वर्षं अपडेटची खात्री’ असं लिहिलं होतं. यंदा कंपनीने फोटोमागचा पसारा पुसणारं आणि कॉलचं भाषांतर करणारं एआय फीचर आणलं. माझ्या जावेच्या त्याच कंपनीच्या फोनमध्ये ते आलं, माझ्या फोनमध्ये नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, या मॉडेलला येणारच नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. ही फसवणूक नाही का? फोन अलीकडे जडही चालतो. एप्रिल २०२५ पासून सिक्युरिटी अपडेटही आलेलं नाही. केस करता येईल का?

उत्तर : ताई, केस करता येईल. पण ज्या गोष्टीचा तुम्हाला राग आला आहे तिच्यावरून नाही. तुमची खरी तक्रार पत्राच्या शेवटी आहे, आणि तीच तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

आधी त्या एआय फीचरचं बघू. तुमच्या जावेला मिळालं आणि तुम्हाला नाही, हे मनाला लागणारं आहे, पण कायद्याच्या नजरेत तुमचं काही हिरावून घेतलेलं नाही. २०२२ च्या दिवाळीत हे फीचर अस्तित्वात नव्हतं, ते देऊ असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि तुम्ही मोजलेल्या २४ हजारांत त्याची किंमत धरलेली नव्हती. विकताना जे सांगितलं, त्याला विकणारा बांधील असतो. पुढे जे जे शोध लागतील ते सगळे जुन्या गिऱ्हाइकालाही फुकट द्यावेत, असा कायदा आपल्याकडे नाही.

यामागे तांत्रिक कारणही असतं, आणि ते दर वेळी बहाणा नसतं. ही फीचर्स फोनमध्येच चालवायची तर एआयचं मॉडेल रॅममध्ये, म्हणजे फोनच्या चालू कामाच्या मेमरीत, बसावं लागतं, आणि ते जागा खातं. अॅपलने जून २०२४ मध्ये ‘अॅपल इंटेलिजन्स’ जाहीर केलं तेव्हा ते आयफोन १५ प्रो आणि प्रो मॅक्सला मिळालं. साधा आयफोन १५ जेमतेम नऊ महिन्यांचा होता, तरी तो वगळला गेला. प्रोमध्ये ८ जीबी रॅम होती, साध्यात ६ जीबी. म्हणजे लाखाच्या आसपासचा फोन घेणारेही या रांगेत तुमच्या मागेपुढेच उभे आहेत. अँड्रॉइडमध्ये आणखी एक कडी असते. चिप बनवणाऱ्या कंपनीने जुन्या चिपसाठी सॉफ्टवेअर पुरवणं थांबवलं की फोन कंपनीला इच्छा असूनही नवीन आवृत्ती उतरवणं महागात पडतं.

‘जमत नाही’ या उत्तरावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. गूगलने आपलं छोटं एआय मॉडेल डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ प्रो या फोनला दिलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये साध्या पिक्सेल ८ ला हार्डवेअरच्या मर्यादेमुळे देता येणार नाही असं सांगितलं. ओरड झाली, आणि काही आठवड्यांतच तेच मॉडेल पिक्सेल ८ लाही देऊ असं जाहीर केलं, डेव्हलपरांसाठीचा पर्याय म्हणून का होईना. न जमणं आणि न करणं यांतली रेघ कंपनी स्वतःच आखते. तरीही, न दिलेल्या वचनाचा भंग होत नाही. या मुद्द्यावर तक्रार केलीत तर ग्राहक आयोगासमोर पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील हेच बोलेल, आणि त्याचं बरोबर असेल. वाईट म्हणजे या कमकुवत मुद्द्याच्या सावलीत तुमचा चांगला मुद्दाही झाकला जाईल.

तो चांगला मुद्दा असा. जाहिरात म्हणते, ४ वर्षं अपडेटची खात्री. तुम्ही ऑक्टोबर २०२२ मध्ये फोन घेतला, म्हणजे कुठलाही साधा माणूस ऑक्टोबर २०२६ पर्यंत मोजेल. अपडेट थांबली एप्रिल २०२५ ला. हा गोंधळ नाही, कंपनीचा हिशोब आहे. तुम्ही पाठवलेल्या बिलावर मॉडेलचं नाव आहे. ते मॉडेल भारतात बाजारात आलं एप्रिल २०२१ मध्ये. कंपनी ४ वर्षं तिथून मोजते, आणि तसं तिच्या संकेतस्थळावर इंग्रजीत, खाली बारीक टाइपात लिहिलेलं आहे. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला ४ वर्षं म्हणून जे विकलं, त्यातलं दीड वर्ष फोन खोक्यात पडून असतानाच संपलं होतं. दिवाळीच्या सवलतीत जुनं मॉडेल काढायची वेळ आली की हे सर्रास चालतं, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागतो तो असा अडीच वर्षांनी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २(१०) इथे तुमच्या कामाचं आहे. मालातला ‘दोष’ म्हणजे नुसती बिघडलेली वस्तू नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही रीतीने जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यापेक्षा वस्तू उणी भरली तर तोही दोष. ‘कोणत्याही रीतीने’ यात व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चित्रही आलं. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात कलम २(२८) खाली दिशाभूल करणारी ठरते. ४ वर्षं कुठून मोजायची, याहून महत्त्वाची माहिती त्या जाहिरातीत दुसरी कोणती असणार?

कंपनी बारीक टाइपाकडे बोट दाखवेल. तिथे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं पुढे करा. अटी-शर्तींची टीप ही दाव्याच्या भाषेतच हवी, त्याच फॉन्टमध्ये हवी, डोळ्यांना दिसेल अशा जागी हवी, आणि मूळ दावाच फिरवून टाकणारी नसावी, असं त्यांत म्हटलं आहे. तुमची जाहिरात मराठीत आहे आणि टीप इंग्रजी संकेतस्थळावर. तुमची खरेदी या तत्त्वांच्या नंतरची आहे, हेही तुमच्या पथ्यावर पडलं. शिवाय दोन अर्थ निघणारं वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध वाचायचं, हा करार वाचण्याचा जुना नियम आहे.

युरोपीय संघात हा घोळ कायद्यानेच बराच कमी केला आहे. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमांत अपडेटची ५ वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून नव्हे, तर त्याची विक्री थांबली त्या दिवसापासून मोजतात. तो नियम इथे लागू नाही, त्यामुळे आयोगापुढे त्यावर भिस्त ठेवू नका. पण मोजणीचा दुसरा, ग्राहकाला समजेल असा मार्ग आहे, हे दाखवायला एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही.

आता कंपनीचे वकील आणखी काय काय काढतील ते सांगतो.

एक म्हणतील, बिल तुमच्या नावावर नाही. चालतं. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. दुसरं म्हणतील, तुम्ही या फोनवर शिवणकामाच्या ऑर्डरी घेता, म्हणजे व्यापारी वापर. तेही चालत नाही, कारण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. तक्रारीत ‘मी स्वतः शिवते आणि त्यावर घर चालतं’ हे सरळ लिहा, लपवू नका.

तिसरा मुद्दा मुदतीचा, आणि हा गंभीर आहे. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. कंपनी खरेदीची तारीख धरून म्हणेल की मुदत ऑक्टोबर २०२४ लाच गेली. आपलं म्हणणं असं की वचन मोडलं जाईपर्यंत तक्रारीला कारणच नव्हतं, आणि ते मोडलं एप्रिल २०२५ मध्ये. मला हे म्हणणं भक्कम वाटतं. तरी एप्रिल २०२७ ची वाट बघत बसू नका.

ओळखीच्या कुणी ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’खाली, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी म्हणून, मोठी नुकसानभरपाई मागा असं सांगितलं, तर ऐकू नका. त्यासाठी कायद्याने केलेल्या व्याख्येत वस्तूचं स्वतःचंच झालेलं नुकसान ‘हानी’ म्हणून धरलं जात नाही. फोन फुटून हात भाजला असता तर गोष्ट वेगळी. तसंच ‘करार अन्यायकारक आहे’ हा मुद्दा जिल्हा आयोगात काढू नका, तो राज्य आयोगाच्या अखत्यारीतला आहे. तुम्हाला दोष, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात, एवढ्यावर काम भागतं.

फोन जड चालतो म्हणता, त्याचं थोडक्यात. मुद्दाम मंद केलेल्या फोनबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. पण तिथे अपडेट टाकल्यावर फोन मंद झाल्याचं दाखवता आलं. तुमच्या फोनला अपडेट येणंच बंद आहे आणि बॅटरी तीन वर्षांची आहे. बॅटरी बदलून बघा. हा मुद्दा तक्रारीत नको, नाहीतर फोन प्रयोगशाळेत तपासायला जाईल आणि तारखा लांबतील.

पुराव्याचं आत्ताच करा. व्हॉट्सअॅपवरची ती जाहिरात डिलीट होऊ देऊ नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते, तिचाही फोटो काढा. सर्व्हिस सेंटरवाले तोंडी बोलले ते उपयोगाचं नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून विचारा : या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत आहे, आणि ती मुदत कुठल्या तारखेपासून मोजली? त्यांचं लेखी उत्तर म्हणजे तुमचा अर्धा खटला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे एक प्रमाणपत्र जोडतात. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसतात, पण जोडलेलं बरं.

आणि फोन एक्स्चेंजला देऊ नका. नवीन घ्यायचा तर घ्या, बँकेचं आणि यूपीआयचं अॅप नव्यावर हलवा, तेच शहाणपणाचं आहे, कारण सिक्युरिटी अपडेट नसलेल्या फोनवर पैशांचे व्यवहार मला स्वतःला नको वाटतात. जुना मात्र कपाटात ठेवा. तो तुमचा साक्षीदार आहे, आणि एक्स्चेंजचे दोन-तीन हजार त्यापुढे काही नाहीत.

पुढची वाट सोपी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीला बऱ्याचदा तिथेच मिटवायचं असतं. नाही मिटलं तर सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असो की गुरुग्रामला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मराठीत लिहिलेली चालते, आणि वकील सक्तीचा नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण एवढ्या रकमेसाठी वकिलाला पैसे देऊ नका. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनीची भारतातली नोंदणीकृत संस्था आणि दुकानदार, दोघांनाही घाला. दुकानदार ओळखीचा असेल तर संकोच वाटेल, मला कळतं. पण जाहिरात त्याच्या नंबरवरून आली आहे. त्याला वगळलंत तर कंपनी ‘ते आम्ही म्हटलंच नव्हतं’ म्हणून मोकळी होईल. कायद्यात निकालासाठी ३ महिने लिहिले आहेत, त्याहून जास्त लागतील असं धरून चला.

जाहिरातीची वेगळी तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडेही करता येते. ते १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, मात्र त्यातला रुपयाही तुमच्या हाती येत नाही.

आता मागायचं काय. पूर्ण २४ हजार मागू नका. अडीच वर्षं फोन नीट चालला, हे आयोगाला दिसतं आणि अवाच्या सवा मागणीने तुमचंच वजन कमी होतं. हिशोब मांडून मागा : ४ वर्षं म्हणजे ४८ महिने, २४ हजारांना महिना ५०० रुपये पडले. अपडेट मिळाल्या ३० महिने, राहिले १८. त्याचे ९ हजार रुपये, त्यावर तक्रारीच्या तारखेपासून व्याज, आणि त्रास व खर्चापोटी ५ हजार. पर्यायी मागणी म्हणून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट द्यावीत असंही लिहा. आयोग हा हिशोब जसाच्या तसा मान्य करेल असं नाही, पण आकडा कुठून आला हे न विचारता कळेल. एआय फीचरचा उल्लेख तक्रारीत कुठेही नको.