शिकारीचं रेन जॅकेट खरंच पाणी अडवतं का, हे घरी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: शिकारीसाठी नवीन रेन जॅकेट घेतलंय, लेबलवर '१०,००० मिमी वॉटरप्रूफ' छापलंय, रानात भिजायच्या आधी ते घरीच तपासता येईल का?

येईल. फक्त कापड तपासून थांबू नका, अख्खं जॅकेट तपासा. तेही अंगात घालून, दबा धरून जसे बसता तसं बसून.

माझं पहिलं जॅकेट घरच्या वाटी-परीक्षेत उत्तम पास झालं होतं. पाठीचा भाग पातेल्यावर सैल अंथरला, मधल्या खळग्यात चार बोटं पाणी ओतलं, खाली टिश्यू ठेवला. सकाळी टिश्यू कोरडा. पुढच्याच आठवड्यात रिमझिम पावसात मचाणावर बसलो आणि तीन तासांत डावा खांदा गार पडला. जॅकेट काढलं तर आतल्या शर्टावर दोन बोटं रुंद ओला पट्टा, बरोबर जिथे बंदुकीचा पट्टा रुतत होता तिथेच. कापड ठीक होतं. खांद्यावरची शिवण पट्ट्याच्या दाबाखाली गळत होती.

आता त्या आकड्याबद्दल. १०,००० मिमी म्हणजे कापडावर १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब दिला तरी पाणी आरपार येत नाही. प्रयोगशाळेत दाब हळूहळू वाढवतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबून आकडा नोंदवतात. माझ्या पातेल्यात होता जेमतेम ७० मिमी दाब! म्हणजे वाटी-परीक्षेत नापास झालं तर जॅकेट परत करा, पण पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. याउलट, १०,००० मिमी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ओल्या फळीवर कोपर टेकून नेम धरला, कोपरावर १० किलो भार आला आणि टेकलेली जागा १० चौरस सेंटिमीटर असली, की झाला तेवढाच दाब. म्हणून खळग्यात पाणी असताना खालून एक हात लावून वरून अंगठ्याने जोरात दाबून बघा. खालच्या हाताला ओल लागली तर तिथे कोपर टेकायची सोय नाही असं समजा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा शॉवरवर आहे. आत फिकट राखाडी सुती टी-शर्ट घाला, त्यावर पाण्याचा एक थेंबही गडद दिसतो. वर जॅकेट, भरलेली सॅक, बंदुकीचा किंवा धनुष्याचा पट्टा, जॅकेटची टोपी डोक्यावर. गार पाण्याखाली स्टुलावर २० मिनिटं बसा. अधूनमधून दुर्बीण डोळ्यांना लावल्यासारखे हात वर धरा, मान वळवून मागे बघा. पाणी कुठून येतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. हात वर केले की मनगटाच्या पट्टीतून एक बारीक धार कोपरापर्यंत उतरते, ती मला दरवेळी जाणवते. मान वळवली की टोपी जागच्या जागी राहते आणि कानामागून पाणी गळ्यात जातं. चेनच्या तळाशी, छातीच्या खिशाच्या तोंडाशीही बघा. १० मीटरचा दाब सोसणाऱ्या कापडाला या जागांचं काहीच करता येत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. टी-शर्ट ओला निघाला म्हणजे जॅकेट गळलंच असं नाही, तो घामही असू शकतो. हे वेगळं करायला तेच जॅकेट हँगरवर लावा, आत चुरगाळलेले कोरडे वर्तमानपत्राचे कागद गच्च भरा, चेन लावा, मनगटं दोऱ्याने बांधा आणि तितकाच वेळ शॉवरखाली टांगा. कागद कोरडे आणि तुमचा टी-शर्ट मात्र मनगट, गळा आणि पट्ट्याखालची जागा सोडून इतरत्र ओला, तर बहुधा वाफ बाहेर जात नाहीये. कागद ओले झाले तर मात्र गळतीच, आणि कुठला कागद ओला झाला त्यावरून जागाही सापडते. आत सुटं अस्तर असलेल्या जॅकेटात झिरपलेलं पाणी अस्तरामागून खाली उतरून घेरापाशी साचतं, म्हणून घेर चिमटीत धरून पिळून बघा.

शिवण संशयास्पद वाटली तर बाही उलटी करा, मनगट घट्ट बांधा, आत वीतभर पाणी भरून अर्धा तास धरून ठेवा. शिवणीवरच्या टेपच्या कडेने मोत्यासारखे थेंब उगवले तर टेप सुटतेय. अस्तर असेल तर ही परीक्षा जमत नाही.

आणखी एक, खास शिकारीच्या जॅकेटांबद्दल. सळसळ होऊ नये म्हणून त्यांचं वरचं कापड मऊ, लवदार ठेवतात. ती लव पाणी धरते. पाणी झटकणारा लेप ताजा असेल तर थेंब गोल होऊन घरंगळतात. लेप गेला की कापड काळपट पडून पाणी पितं. आतलं पापुद्र्यासारखं मेम्ब्रेन तेव्हाही पाणी अडवत असतं, पण वरचं कापड चिंब झाल्याने वाफ अडते, अंग गार पडतं आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. शॉवरच्या आधी आणि नंतर, झटकून, जॅकेटचं वजन करा. माझ्या जुन्या जॅकेटने जवळपास पाव किलो पाणी धरलं होतं!

असं असेल तर टाकून देऊ नका. घामाचा तेलकटपणा आणि साबणाचे अंश लेपाला निकामी करतात. जॅकेटसाठी मिळणाऱ्या बिनवासाच्या द्रावणाने धुवा (वास शिकारीला परवडत नाही), दोनदा खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा. उष्णतेने लेप बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. तरीही थेंब गोल होत नसतील तर लेपाचा स्प्रे मारा, पण शिकारीच्या बरेच दिवस आधी, म्हणजे त्याचा वास जाईल.

नवीन जॅकेट असेल तर यातलं पहिलं काम पावती आणि टॅग जपून ठेवणं. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत शॉवर आणि वर्तमानपत्राची परीक्षा उरका.